सोलाशियमची भावकी

शेजारचे रामहरी वारून आठवडा होत आला, तरी निवृत्त ग्रंथपाल महेश्वरराव भेटायला गेले नव्हते. मनात जुळवलेलं प्रत्येक वाक्य त्यांना चुकीचं वाटे, आणि निघताना सवयीनं 'येतो' निघून जाईल ही धास्ती वेगळीच.

"नुसतं जाऊन बसा की," बायको कलावती म्हणाली. "नवरा गेल्यापासून गोजरबाई अन्नाला शिवंनात. माणसं दिसली तर दोन घास खातील."

महेश्वररावांनी धीरासाठी कोश उघडला, तोही लॅटिनचा, आणि मग गेले.

खोलीत पाहुणे खाली बघत बसले होते. सून संस्कृती भाकरीचं ताट घेऊन सासूपुढं बसली होती. गोजरबाईंनी मान फिरवलेली. सगळ्यांनी महेश्वररावांकडं पाहिलं आणि त्यांचं जुळवलेलं वाक्य पार विस्कटलं.

"लॅटिनमध्ये..." त्यांनी घसा खाकरला, "दिलाशाला सोलाशियम म्हणतात."

पाहुणे एकमेकांकडं बघू लागले.

घाबरून ते बोलतच सुटले. "फार जुना शब्द. त्याच्यापासून स्पेनमध्ये सोलाथ झाला, म्हणजे विरंगुळा. इटलीत सोलात्सो, म्हणजे... माफ करा, मौजमजा."

गोजरबाईंनी मान वळवली. कुणाची लेक कुठं दिली, हे उभ्या जिल्ह्याचं तोंडपाठ असलेली बाई ती.

"एकाच आईची का ही?"

"तसंच म्हणा."

"आई लोकांचे डोळे पुसायची, आन् लेक नुसती मजा मारती? आजून कोण हाय?"

"फ्रान्समध्ये होता एक. आता त्याला कुणी विचारत नाही."

"बघा! घरातल्यांनीच टाकला आसंल." रागाच्या भरात त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटीत बुडवला. संस्कृतीनं ताट हळूच पुढं सरकवलं.

इतक्यात नातेपुत्याहून गोजरबाईंच्या नणंदा आल्या आणि त्यांनी दारातच गळा काढला. गोजरबाईंनी हात वर केला. "जरा थांबा गं. इटलीचं चाललंय."

"आगं बाई! तितं कोण वारलं?"

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. संस्कृतीनं गुपचूप दुसरी भाकरी वाढली.

"रोमानियातही एखादं घर असेल," महेश्वरराव पुटपुटले. "पण तिथलं मी पाहिलं नाही."

"भावकीतलं एक घर सोडून कसं चालंल?"

ताट रिकामं झालं तसे महेश्वरराव उठले. अशा घरातून निघताना निरोप घेत नाहीत, म्हणून ते मुकाट्यानं चपला घालू लागले.

"भाऊ," मागून गोजरबाई म्हणाल्या, "उद्या रोमानियाचं बघून या."

पाहुणे चपापले. दुखवट्याच्या घरी कुणी 'या' म्हणत नाही.

महेश्वरराव वळले. आठवडाभर जे चुकून तोंडून जाईल म्हणून ते घाबरत होते, तेच सगळ्यांदेखत, मोठ्यानं म्हणाले, "येतो."