बाराच्या आतली कॉफी

"तू फक्त सोबत ये, आज्जी. बोलायचं काही नाही. नुसतं उभं राहायचं," संस्कृती म्हणाली, तेव्हा वच्छलाबाईंना हसू आवरेना. न बोलता उभं राहण्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या बीड जिल्ह्यात कुणी नव्हतं.

चातुर्मास लागला की दुपारी बारा वाजेपर्यंत त्यांचं मौन असे. शब्द नाही, हुंकार नाही. लिहून दाखवणंही नाही, कारण ते म्हणजे हातानं बोलणं. संस्कृती पाळण्यात असताना तिच्या छातीत कफ भरला होता, डॉक्टरांनी मान हलवली होती, तेव्हा कंकालेश्वराच्या पायरीवर बसून त्यांनी हा नेम धरला. नात वाचली. नेम काही सुटला नाही. एका श्रावणात न्हाणीघरात साप निघाला, तेव्हासुद्धा त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. परात वाजवून गल्ली गोळा केली.

"येते की," त्या म्हणाल्या. "माझ्या मुक्या तोंडानं आजपर्यंत कुणाचं काय बिघडलंय?"

संस्कृती पुण्यात फोटोग्राफी शिकत होती. आपल्या गावात स्वतः कॉफी भाजणारे लोक आणि गावातले गमतीचे कोपरे, असे फोटो तिला काढायचे होते. आता बीडमध्ये कॉफी भाजतात हे वच्छलाबाईंना नवीनच होतं.

"शेंगदाणे भाजतेत, हरभरे भाजतेत. कॉफी कावून भाजतेत?"

"भाजल्याशिवाय कॉफी होतच नाही, आज्जी."

"मंग आपल्या पुडीतली?"

"तीही कुणीतरी भाजलेलीच असते."

वच्छलाबाई विचारात पडल्या. चातुर्मासात त्या चहा सोडत. चहावर त्यांचा जीव, म्हणून तर सोडायचा. कॉफीवर जीव नव्हता, त्यामुळे ती सोडायचा प्रश्न आला नव्हता आणि गेली कित्येक वर्षं पुडीतल्या कॉफीवरच त्यांचे पावसाळे निघाले होते.

दुसऱ्या दिवशी भाद्रपदातली पौर्णिमा. गणपती आदल्या दिवशीच गेलेले, रस्ते अजून गुलालानं गुलाबी. संस्कृतीच्या गळ्यात पपईएवढी लेन्स लावलेला कॅमेरा आणि वच्छलाबाईंच्या हातात घरातलं मोठं स्टीलचं ताट. उजेड परतवून चेहऱ्यावर पाडायला काहीतरी चकचकीत लागतं म्हणे, आणि वच्छलाबाईंनी चिंचेनं घासलेल्या ताटाहून चकचकीत काय असणार?

राजुरी वेशीत संस्कृती कबुतरांचे फोटो काढू लागली. मग एका न्हाव्यानं भिंतीवर टांगलेल्या फुटक्या आरशाचे. मग 'येथे जाहिरात लावू नये' या पाटीवर चिकटवलेल्या जाहिरातींचे. तोवर वच्छलाबाई वेशीच्या कमानीखाली ताट धरून, डोळे मिटून मनातल्या मनात जप करत उभ्या. डोळे उघडून बघतात तर ताटात एक नारळ, दोन केळी आणि झेंडूची फुलं. पौर्णिमेच्या दिवशी वेशीत मुकाट ताट धरून उभ्या असलेल्या बाईला रिकामं सोडतील, इतकी बीडची माणसं अधार्मिक नव्हती. परत कुणाला करणार आणि काय बोलून करणार? त्यांनी सगळं पिशवीत भरलं आणि नातीमागे निघाल्या.

पहिलं दुकान शिवशंकरचं, बशीरगंजात. माणूस गोल, मिशा वर वळवलेल्या, गळ्यात कातडी एप्रन. कॉफीच्या बिया पुरवणाऱ्या माणसानं त्याला मागच्याच आठवड्यात कानमंत्र दिला होता की कॉफी तपासणारी मंडळी आता छोट्या गावांतून फिरताहेत. ओळख सांगत नाहीत, काही बोलत नाहीत, चव घेतात आणि गुण देऊन जातात.

आणि समोर कॅमेरावाली मुलगी, तिच्यामागे इरकली लुगडं, कपाळभर कुंकू आणि तोंडाला कुलूप लावलेली एक बाई. हातात ताट.

"बाई कोन?" त्यानं संस्कृतीला हळूच विचारलं.

"माझ्यासोबत आहेत. त्यांना कॉफी द्या. आत्ता काही बोलणार नाहीत, बोलतील नंतर," असं म्हणून संस्कृती भट्टीच्या फिरत्या पिंपाचा फोटो घ्यायला आत गेली.

शिवशंकरला घाम फुटला. त्यानं स्वतःच्या हातानं कॉफी केली आणि ताटातच आणून ठेवली. वच्छलाबाईंनी पिशवीतून घरच्या पाण्याची बाटली काढली. तळहातावर पाणी घेतलं, कपाभोवती फिरवलं, डोळे मिटले, मनात नैवेद्य दाखवला. अन्न असो की पाणी, देवाला दाखवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नसे. नैवेद्याभोवती पाणी फिरवायची ही रीत शिवशंकरच्या आजीनंही जन्मभर पाळलेली. पण आजीनं कधी कॉफीभोवती पाणी फिरवलं नव्हतं, त्यामुळे त्याला ओळख पटली नाही. तो शेजारच्या टेलरला कुजबुजला, "पाण्यानं हवा साफ करती. मंग वास घेती. परदेशी पद्धत हाय."

वच्छलाबाईंनी घोट घेतला. कॉफी जळक्या दोरखंडासारखी लागत होती. दोरखंड पाकात बुडवलेला होता, एवढंच. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले आणि अन्नाचा अपमान नको म्हणून सगळा कप संपवला.

"कशी वाटली, मॅडम?"

वच्छलाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, मग दोन्ही हातांची बोटं दाखवली, आणि पुन्हा दोन. बारा वाजता बोलेन.

शिवशंकरचा चेहरा पिंपातल्या बियांसारखा होत गेला. आधी हिरवा, मग तपकिरी.

"बारा?" तो पुटपुटला. "शंभरात बारा?"

वच्छलाबाईंनी समजूतदारपणे मान डोलावली. माणूस शहाणा दिसतो, त्यांना वाटलं. लगेच समजला.

दुसरं दुकान सिदूचं. त्या दोघी पोहोचायच्या आत शिवशंकरचा फोन पोहोचला होता. शटर खाली होतं, खडूनं 'पौर्णिमेनिमित्त बंद' लिहिलेलं होतं, आणि शटरच्या फटीतून ताज्या भाजलेल्या कॉफीचा धूर आणि कुणीतरी श्वास रोखल्याची शांतता बाहेर येत होती. संस्कृतीनं शटरपुढे झोपलेल्या मांजराचा फोटो घेतला आणि दोघी बिंदुसरेच्या पुलाकडे निघाल्या.

पुलापलीकडे सतीशचं दुकान. दुकान कसलं, राहत्या घराची रस्त्याकडची खोली. सतीशचे वडील ज्ञानोबा कड्याच्या साखर कारखान्यातून रिटायर झालेले. पूर्वी ही खोली झेरॉक्सवाल्याला दिलेली होती. पोरानं नोकरी सोडून तिथे कॉफी भाजायला घेतली, तेव्हा ज्ञानोबांनी सांगून ठेवलं होतं, "भादव्याच्या पौर्णिमेपस्तोर बघू. एक तरी जाणता मानूस चांगली म्हनला पायजे. न्हाई तर खोली पुन्ना झेरॉक्सला."

आज तीच पौर्णिमा. आणि मघापासून जाणतं माणूस येणार असल्याचे शिवशंकरचे फोन.

"लई कडक हाय बे ती," तो सांगत होता. "मला बारा दिले. मला! तू तर अजून शिकाऊ."

पुलाच्या कठड्यावर मिरवणुकीत भिजलेले ढोल ओळीनं वाळत घातले होते. संस्कृती तिथेच अडकली. "आज्जी, तू पुढं हो, मी आलेच," म्हणाली. वच्छलाबाई ताट घेऊन एकट्याच दुकानात शिरल्या.

सतीश हडकुळा, चष्म्यातला, भट्टीपुढे उभा. बाईंना बघून तो भट्टीकडे बघायचंच विसरला, बिया दोन मिनिटं जास्त राहिल्या आणि खोलीत धूर कोंडला. वच्छलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले ज्ञानोबा म्हणाले, "पोरा, तिनं अजून घोटबी घेतला न्हाई."

सतीशनं तो घाणा बाजूला ओतला, कालच्या चांगल्या घाण्यातल्या बिया दळल्या आणि कप आणून ठेवला. वच्छलाबाईंनी पाणी फिरवलं, डोळे मिटले, घोट घेतला.

आणि त्यांना एकदम नांदूरघाटचं माहेर दिसलं. उन्हाळ्यात काळ्या मसाल्यासाठी आई चुलीपुढे बसून धने भाजायची. धने फुलले की ती एक चिमूट लेकीच्या तळहातावर ठेवायची, म्हणायची, बघ गं, झाले का. त्या वासाला इतक्या वर्षांत त्या पारख्या झाल्या होत्या. तो वास या कपात कसा आला?

चांगली हाय, बाळा, लई चांगली हाय, असं ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं. भिंतीवरच्या घड्याळात बाराला अजून वेळ होता.

"कशी हाय, मावशी?" सतीशनं विचारलं.

वच्छलाबाईंनी प्रेमानं दहा बोटं दाखवली. मग दोन.

ज्ञानोबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. त्यांचाही चेहरा पडला होता. पोराचं दुकान बंद करायची हौस त्यांना तरी कुठे होती?

"बरोबर हाय, आबा," सतीश म्हणाला. "शिवशंकरदादाला बारा, मलाबी बारा. उद्या झेरॉक्सवाल्याला बोलवा."

तो स्टुलावर चढला आणि दारावरची पाटी सोडवू लागला.

आता कुठे वच्छलाबाईंच्या डोक्यात उजेड पडला. हे गुण समजतेत की काय? त्यांनी जोरजोरात हात हलवले. सतीश म्हणाला, "राहू द्या मावशी, वाईट वाटून घेऊ नका." त्यांनी घड्याळाकडे बोट केलं. ज्ञानोबा म्हणाले, "बाईंना उशीर व्हतोय, रिक्षा बघ." त्यांनी शेवटी ताट वाजवलं. सापाच्या वेळी चाललं होतं, इथे नाही चाललं. पाटीचा एक खिळा निघाला.

वच्छलाबाईंचा जीव कासावीस झाला. एक शब्द. एकच शब्द बोलला की काम भागत होतं. पण तो शब्द त्यांनी नातीच्या श्वासापायी देवाकडे ठेवलेला, आणि नात तिकडे पुलावर वाहनांच्या वर्दळीत उभी. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

तेवढ्यात आतल्या दारातून सतीशची आई दगडाबाई आली. पांढरंशुभ्र लुगडं, हातात भाकरीचं ताट, घाईत. बौद्धांच्या वर्षावासातली पौर्णिमा म्हणून तिचं अष्टशील, म्हणजे आठ नियमांचं व्रत होतं, आणि बाराच्या आत जेवण उरकायचं होतं. तिनं पाहुण्या बाईकडे बघितलं. उघडून मिटलेल्या ओठांकडे बघितलं, भरल्या डोळ्यांकडे बघितलं, आणि जागीच थांबली.

"सतीश, खाली उतर. अरे, बाईंचं मौन हाय."

"काय हाय?"

"नेम हाय त्यांचा. आमी न्हाई का विहारात बसत? तसं." ती वच्छलाबाईंजवळ आली. "बारा वाजता सुटतंय ना, बाई?"

वच्छलाबाईंनी अशी मान डोलावली की अंबाडा सुटला.

"बसा मंग. मला बाराच्या आत जेवायचं हाय आन् तुमाला बाराच्या आत बोलायचं न्हाई. दोघींचं घड्याळ एकच."

दगडाबाई खाली बसून जेवू लागली. वच्छलाबाई तिच्यासमोर बसल्या. पिशवीतलं एक केळं काढून त्यांनी तिच्या ताटात ठेवलं, आणि दगडाबाईनंही ते कुठून आलं हे न विचारता खाल्लं. संस्कृती धापा टाकत आली ती दारातच थबकली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. सतीश स्टुलावरच, हातात अर्धवट सुटलेली पाटी. मागून स्कूटर थांबली. शिवशंकर आपल्या बारा गुणांची फेरतपासणी मागायला आला होता.

घड्याळात बारा वाजले. वच्छलाबाईंनी हात जोडले, "नारायण, नारायण," म्हणाल्या. सगळे पुढे झुकले.

"मला कॉफीतलं काई कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "मी चहाची बाई. बारा म्हंजे बारा वाजता बोलते म्हनलं मी. गुन कुठले?"

शिवशंकर दाराला टेकला. टेलरला, सिदूला आणि निम्म्या बशीरगंजाला त्यानं जे सांगून ठेवलं होतं, ते सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं.

ज्ञानोबा मात्र खुर्चीतून उठले. "कळत न्हाई म्हनता. मंग माझी अट तशीच राहिली की. जाणता मानूस तर आलाच न्हाई."

"न्हाई आला," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू, त्यात सकाळपासून कोंडलेला. "भाऊ, माझ्या न्हाणीत साप निघाला तरी मौन मोडावं वाटलं न्हाई. आज तुमच्या पोरानं पाटी काढाय घेतली, तवा वाटलं. एवढंच मला कळतंय."

ज्ञानोबांनी मान वर करून पाटीकडे बघितलं. मग खाकरले.

"सतीश, स्टुलावर हायस तवर ती पाटी सरळ कर बे. वाकडी लावलीस पहिल्यापास्नं."

दगडाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि बाराच्या पुढे आपल्याला काही चालत नाही म्हणून सगळ्यांना कॉफी द्यायला सांगितलं. वच्छलाबाईंनी दुसऱ्या कपाभोवतीही पाणी फिरवलं. या वेळी शिवशंकरनं ते नीट पाहिलं, आणि त्याला त्याची आजी आठवली असावी, कारण त्यानंही आपला कप टेकवून हात जोडले. मग कप रिकामा करून, मिशा पुसून, अंग चोरत त्यांच्याजवळ येऊन बसला.

"मावशी, गुन न्हाई तर न्हाई. पन आता बोलताय तर खरं सांगा. माझी कॉफी कशी वाटली?"

वच्छलाबाईंच्या नेमात खोटं न बोलणंही बसत होतं, आणि त्याला मात्र बाराची मुदत नव्हती. त्यांनी शिवशंकरच्या आशाळभूत तोंडाकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. ताट उचलून पिशवीत घातलं.

"उद्या सकाळी इचार, लेकरा," त्या हळूच म्हणाल्या. "बाराच्या आत ये."