नमुन्याबरहुकूम जड पाणी

साध्या पाण्यातून जड पाणी वेगळं करणाऱ्या त्या कारखान्यात एकच अडचण होती: काम नीट चालू आहे ना, याची सगळ्यांना फार काळजी.

मनोऱ्याच्या प्रमुखांना निवृत्तीपूर्वी खऱ्या जड पाण्याची एक बाटली डोळ्यांनी पाहायची होती. त्यापायी उभं आयुष्य घातलं होतं. उंच मनोऱ्यात पाणी उकळत ठेवायचं; हलकं पाणी वाफ होऊन वर जातं, जड पाणी हळूहळू तळाशी जमतं. याला महिनोन्‌महिने लागतात. मनोरा मध्येच थांबवला, की सगळं पुन्हा एकत्र! आणि तपासणी समिती मनोरा थांबवूनच तपासणी करी. चालता मनोरा तपासणं नियमात बसत नव्हतं.

"प्रगती शून्य," समितीचे अध्यक्ष दर वेळी म्हणत. "आता आम्हाला वरचेवर यावं लागणार."

निवृत्ती जवळ आली, तसा प्रमुखांचा धीर सुटला.

"अहो, दिसायला दोन्ही सारखंच ना?" बायको म्हणाली. "मग द्या नळाचं भरून. ब्याद तरी टळेल!"

त्यांनी दिलं. समितीने बाटली उजेडात धरली, टाळ्या वाजवल्या आणि 'अधिकृत प्रमाण' म्हणून ती लाखबंद करून ठेवली. तपासण्या थांबल्या. कोणी फिरकेना, तसा मनोरा बिनबोभाट चालू लागला आणि अखेर तळाशी खरं जड पाणी उतरलं. प्रमुखांनी त्याची बाटली भरून काट्यावर ठेवली. साध्या पाण्यापेक्षा चांगलीच जड भरली. ते काट्यापाशीच रडले.

मग धावत समितीकडे गेले. अध्यक्षांनी वजन पाहून भुवया चढवल्या.

"प्रमाणापेक्षा जास्त भरतंय. भेसळ दिसते."

"साहेब, जड पाणी आहे. जडच असणार ना!"

"प्रमाण तुम्हीच दिलंत, प्रमुख. खाली सही तुमचीच आहे."

खरं सांगितलं असतं, तर निवृत्तिवेतन गेलं असतं. जुळेपर्यंत साधं पाणी घालण्याचा आदेश निघाला. प्रमुख घालत राहिले. काटा काही जुळेना. शेवटी त्यांनी बाटली बेसिनमध्ये ओतली, नळाखाली धरली. लगेच जुळलं.

निरोप समारंभात प्रत्येक पाहुण्याला तसली एकेक बाटली भेट मिळाली. तुम्हीही आला होतात. तुमची बाटली अजून दिवाणखान्यात काचेमागे आहे, आणि घरी कोणी आलं की ती त्याच्या हातात देऊन तुम्ही विचारता, "बघा, जड लागते की नाही?"