तिसऱ्या फाटकाचे वर्तमान

श्री. सर्वांचे बरे चिंतून, डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहितो. ज्या वर्षी आमची धाकटी बहीण कस्तुरा हिला एका दिवसात दोन नवरे ठरले, ते वर्ष शके अठराशे सत्त्याऐंशी, वैशाख मास. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण राज्य लहान, नाव लिहिता लिहिताच संपेल. उत्तरेस ओढा, दक्षिणेस रेल्वेचा रूळ, आणि रुळावर फाटक. फाटक म्हणजे तांबडे-पांढरे पट्टे ओढलेले दोन लोखंडी दांडे. ते चाक फिरविले की खाली येत आणि उलटे फिरविले की वर जात. त्या ठाण्याचे किल्लेदार सखाहरी वाकळे. फौज म्हणाल तर एक हिरवे निशाण, एक तांबडे निशाण, आणि एक शेळी. शेळी कोणास भीत नसे.

परंतु राज्यात फाटक हा शब्द दांड्यांपुरता राहिला नव्हता. घड्याळ कोणापाशी नव्हते, म्हणून फाटक हीच वेळ. बायका म्हणत, पहिल्या फाटकाला चूल पेटली. गडी म्हणत, दुसऱ्या फाटकापर्यंत एवढी पाथ उरकू. वैद्य काढा देत तो फाटकागणिक एक घोट. रस्ता पुसला तर फाटकाच्या अलीकडे की पलीकडे, इतकाच. लेक दोन शेते टाकून पलीकडे दिली तरी फाटकापार दिली म्हणत, आणि आई पदर डोळ्यांस लावी. दोघे हातघाईवर आले तर तिसरा म्हणे, "जरा फाटक टाका की," आणि मग ते दम घेत. जोश्यांच्या मनगटास मात्र घड्याळ होते. ते जोशी रोज फाटकावरून लावीत.

तर कस्तुराचे लग्न फाटकापारच्या मुलाशी ठरले, आणि मुहूर्त निघाला तो दुपारचा, म्हणजे तिसरे फाटक पडून उघडताच अक्षता. मांडव टेकाडावर घातला. तेथून दांडे दिसत, पण रूळ खाली खोल चरातून गेलेला, म्हणून गाडी दिसत नसे. आमचे वडील नव्हते, सबब चुलते नारायणतात्या हे कर्ते. तात्या मनाने वाईट नव्हते, पण मानाचे फार भुकेले. सकाळी पहिले फाटक पडले, मग दुसरे पडले, आणि वऱ्हाड येईना. मग आणखी एकदा दांडे खाली आले, आणि वाजंत्र्यांनी जोर केला, आणि दांडे वर गेले, तरी वाट ओस. जोश्यांनी घड्याळ पाहिले तो अजून पाऊण तास कमी. ते म्हणाले, "मेलं मागं पडलंय," आणि काटा फिरवून पुढे केला. तेव्हा तात्यांचा चेहरा उतरला आणि ते मोठ्याने बोलते जाहले, "तिसरं फाटक होऊन गेलं! त्यांनी आपल्या तोंडाला पानं पुसली. आज पोर अशीच राहिली तर हिला कोण करील?" मग त्यांची नजर मोहनाजी यांजवर गेली. मोहनाजी पन्नाशीचे, दोन वर्षांमागे बायको निवर्तलेली, मिशांस कलप लावून पाहुणे म्हणून आलेले. तात्या म्हणाले, "मोहनाजी, आमची लाज राखा." मोहनाजी म्हणाले, "मी तर नुसता जेवायला आलो होतो हो," परंतु म्हणता म्हणता त्यांनी फेटा नीट केला. जोश्यांनी पुढची घटिका काढून दिली आणि हळदीची वाटी पुढे आली.

कस्तुरा पाटावर होती. तिने मान वर केली आणि सर्वांदेखत पुसले, "तात्या, फाटक पडलं ते सगळ्यांनी बघितलं. गाडी कुठली गेली, ते कुणी बघितलं का?" मांडवात शे-दोनशे माणूस, एकाने पाहिली नव्हती. तात्या म्हणाले, "नवरीनं तोंड मिटून बसावं." ती मजकडे पाहून म्हणाली, "दादा, तू जा."

मग आम्ही टेकाड उतरून धावलो. फाटकापाशी पाहतो तो दांडे पुन्हा खाली, आणि पलीकडे आमचे वऱ्हाड, बैलगाड्या, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, सर्व उभे. वाटेत गाडीचा आस मोडला म्हणून खोळंबले होते. व्याही ओरडत होते, "अहो, एवढं आम्हांला सोडा, मग टाका तुमचं फाटक!" आम्हीही सखाहरींचे पाय धरले आणि मांडवातले वर्तमान सांगितले. सखाहरींनी चाकावरचा हात काढला नाही. ते म्हणाले, "मघाशी जादा मालगाडी सोडली, लष्कराची. तिचं फाटक तुमच्या मोजणीत घुसलं. तिसरं हे आत्ता पडलंय."

"मग उघडा ना, बाबा! बहीण जाते माझी."

"बहीण तुझी, पण हे बैल कुणाचे? नवरदेव कुणाचा? गाडी वळणात हाय. नाही उघडायचा."

त्यांचा आम्हांस इतका राग आला की लिहवत नाही. इतक्यात दुपारची पॅसेंजर वळणातून निघाली आणि दांड्यापासून दोन हातांवरून अशी गेली की बैल मागल्या पायांवर झाले आणि व्याही मटकन खाली बसले. गार्डाच्या डब्यातून नित्याप्रमाणे वर्तमानपत्रांचा गठ्ठा पडला. सखाहरींनी तो उचलून आमच्या छातीवर फेकला आणि म्हणाले, "हा तिसऱ्या गाडीशिवाय येत नाही, शेंबड्या पोराला ठाऊक हाय. पळ आता! वऱ्हाड मी लावून देतो."

आम्ही मांडवात पोचलो तेव्हा अंतरपाट धरला होता, दुसरे मंगलाष्टक चालू होते, आणि अंतरपाटाआड कस्तुरा डोळे मिटून उभी. आम्हांस दम लागून बोलवेना, म्हणून गठ्ठाच मधोमध टाकला. तात्या गरजले, "हा काय तमाशा?" आम्ही म्हटले, "आजचा गठ्ठा. आत्ता पडला." मंगलाष्टक थांबले. म्हाताऱ्यांनी गठ्ठा हातांनी चाचपला, आणि एकाने सुतळी हुंगली. जोश्यांनी गुपचूप काटा मागे फिरविला. मोहनाजींनी फेटा उतरविला आणि पुसले, "मग मी आता पंगतीला बसू ना?" तेव्हा कस्तुरा प्रथम हसली, आणि मग रडली. तोवर खाली दांडे वर गेले होते आणि वाजंत्र्यांसह वऱ्हाड टेकाड चढत होते. अक्षता मुहूर्तावर पडल्या. तात्यांनी जावयाचे पाय धुताना मान वर केली नाही.

किल्लेदारांस ठाणे सोडून जेवावयास येता येईना, म्हणून नवरानवरीच ताट घेऊन फाटकावर गेली. कस्तुरा पाया पडली. सखाहरी म्हणाले, "मी काय केलं, बये? मी तर अडवलंच." पुढे आम्ही दुपारी त्यांजपाशी बसू लागलो आणि त्याच गठ्ठ्यातल्या कागदांवर, आमच्या वयाच्या पंचविशीत, त्यांनी आम्हांस अक्षरे शिकविली. हे लिहिणे त्यांचेच देणे.

तात्पर्य इतकेच की, फाटक हा शब्द राज्यात अडविण्यास लावीत, वेळेस लावीत, दूर गेलेल्या लेकीस लावीत. त्या दिवसापासून आमच्या घरी तो उपकारासही लावतात. कस्तुरा फाटकापार सुखाने नांदली, तिला चार नातवंडे आहेत. सखाहरी वाकळे हे शके एकोणीसशे बारा, कार्तिक वद्य पंचमीस सकाळी, आपल्या घरी, अल्पशा तापाने वारले.