जपानी चहात कमावलेला जोड

जपानी चहा घालून केलेली वस्तू, तिच्याबद्दल एक तरी खरी चांगली गोष्ट बोलल्याशिवाय आणि ती करणाऱ्याचे नाव घेतल्याशिवाय काम करत नाही, याची वाळेगावाला आता सवय झाली आहे.

चहा आला त्याला दोन वर्षे झाली. जपानातल्या कुठल्याशा गावाशी आमच्या गावाचा मैत्री करार झाला होता. कराराचा मजकूर दोन्हीकडच्या लोकांना कळला नाही, त्यामुळे मैत्री टिकून आहे. त्या गावाने भेट म्हणून हिरव्या चहाच्या पुडीचे एकशे साठ डबे पाठवले. तहसील कचेरीत सर्वांनी एकेक कप घेतला आणि पुन्हा तो विषय कोणी काढला नाही. परंतु शासनाला मिळालेली भेट फेकून देता येत नाही, तिचा वापर झाल्याचे प्रमाणपत्र वर पाठवावे लागते. पिणे हा वापर बंद पडल्यामुळे इतर वापर शोधणे भाग होते. तेव्हा डबे गावातल्या कारागिरांना वाटण्यात आले. आपल्या घशाखाली जे उतरत नाही ते कारागिरांना द्यावे, हे धोरण जुनेच आहे.

मल्हारी कुंभाराने पूड मातीत मळली. माठ उत्तम झाला, पण भरून वाकवला तरी त्यातून पाणी येईना. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने, म्हणजे कृष्णाबाईने, वैतागून माठाकडे नीट पाहिले आणि उखाणा घेतला : "काठ गोल, गळा लहान, मल्हाररावांच्या माठा, भागव माझी तहान." पाणी आले. लग्नानंतर तिने नवऱ्याचे नाव घेतल्याची ती दुसरी वेळ होती. आता दिवसातून सहा वेळा घेते, आणि मल्हारी थोडा बिघडला आहे.

श्रीपती सुताराने पूड पॉलिशात घालून ग्रामपंचायतीच्या दाराला लावली. तिथे खरी अडचण आली. आमच्याकडे चांगल्या वस्तूला चांगले म्हटले की तिला दृष्ट लागते. म्हणून उत्तमात उत्तम कामाला लोक "बरं झालंय" म्हणतात, आणि कारागीर समोर असेल तर तेवढेही म्हणत नाहीत. एका भल्या गृहस्थाने श्रीपतीचे नाव घेऊन दाराची तारीफ केली, ते उघडले, आणि दृष्ट लागू नये म्हणून त्याने चौकटीला काजळाचे बोट लावले. दार पुन्हा लागले आणि दोन दिवस उघडले नाही.

मग कचेरीने स्तुतीचा नमुना छापून दाराशेजारी चिकटवला : "सदर दार उत्तम असून ते श्री. श्रीपती सुतार यांनी केलेले आहे." नमुना दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी ग्रामसेवकाने तो तीनदा वाचला, एकदा सहीशिक्क्यासह वाचला, आणि खिडकीतून आत गेला. दाराकडे न पाहता बोललेले दाराला कळते, असा निष्कर्ष निघाला. पाहून बोलण्याची पद्धत आमच्या कचेरीत नसल्यामुळे खिडकीला पायरी बांधून घेण्यात आली.

आता चपलांचे. ओढ्याकाठी दगडू सातपुते याचा कातडे कमावण्याचा हौद आहे. बाभळीची साल आणि हिरडा घालून त्यात कातडी महिनाभर भिजतात. दगडूचा बापही तिथेच हे काम करत असे. तालुक्यातले निम्मे लोक त्या हौदातून निघालेल्या चपला घालून फिरतात, पण दगडूचे नाव घेण्याचा प्रसंग कोणावर येत नसे. "ओढ्याकडून आणल्या" एवढे म्हटले की भागे. त्याच्या वाटणीला पंधरा डबे आले. त्याने हिरड्याऐवजी चहा घालून पाहिला आणि कातडे लोण्यासारखे मऊ निघाले.

त्याच सुमारास कचेरीने ओढ्याकाठची ती जागा जपानी चहा अनुभव केंद्रासाठी नक्की केली. हौद बुजवायचा हुकूम निघाला. नोंदणीकृत कारागिराची जागा हलवता येत नाही, असा नियम आहे. पण दगडू नोंदणीकृत नव्हता. नोंदणीसाठी एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्याने वस्तू पाहून "ही अमक्याने केली आहे" असे जाहीर सांगावे लागते. दगडूने चार वेळा अर्ज केला होता. कोणत्याही अधिकाऱ्याला ओढ्याकडे जाऊन वस्तू पाहायला सवड झाली नव्हती. ओढ्याकडे वास येतो.

हौद सोमवारी बुजवायचा होता. रविवारी चहाच्या यशस्वी वापराचा समारंभ झाला. प्रांतसाहेब, म्हणजे श्री. दिवेकर, अध्यक्ष होते. त्यांना शाल, हार आणि दगडूकडून मागवलेल्या चपलांचा जोड देण्यात आला. लोकांच्या आग्रहाखातर त्यांनी जोड मंचावरच पायात घातला.

"अप्रतिम!" साहेब म्हणाले आणि माइककडे निघाले. निघाले, असे त्यांना वाटले. पाय जागचे हलले नाहीत.

"सर, माइक," विस्तार अधिकारी वैजयंती पोतनीस हळूच म्हणाल्या.

"इकडे आणा."

माइक तिकडे नेला. साहेब चाळीस मिनिटे बोलले. नंतर राष्ट्रगीत झाले, त्याला उभे राहायचेच असते. मग सगळे मंचावरून उतरले आणि साहेब उतरले नाहीत, तेव्हा लोकांच्या लक्षात आले.

पुढच्या रांगेतून मल्हारी कुंभार उठला. "साहेब, चपलीकडं बघून एक खरं बोला. आन करनाऱ्याचं नाव घ्या."

"बोललो की. अप्रतिम म्हटलं."

"ते तुमी हारालाबी म्हनलासा."

साहेबांनी पोतनीसबाईंकडे पाहिले. "कोणी केल्यात या?"

बाईंनी यादी उघडली. "स्थानिक कारागीर, सर."

"नाव विचारतोय मी."

"नावाच्या रकान्यात तेच आहे, सर. रकाना लहान होता."

ती यादी कचेरीतला कारकून म्हणून मीच केली होती. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते आणि रकाना मोठा आखता आला असता.

शिपाई बाजीराव याला ओढ्यावर पिटाळले. दगडूला समारंभाचे आमंत्रण नव्हते, कारण आमंत्रणे नोंदणीकृत कारागिरांना होती. तो हौदातून अर्धवट भिजलेली कातडी काढत होता. बाजीराव परत आला.

"काय नाव म्हणाला?"

"सांगत न्हाई, साहेब. म्हनतोय, चार अर्जांत लिवून दिलंय, तितनंच वाचा."

अर्ज आणले. चारही अर्जांवर ठळक अक्षरात दगडू रामा सातपुते लिहिले होते. साहेबांनी वाचायला तोंड उघडले, तेवढ्यात पोतनीसबाईंनी माइकवर हात ठेवला.

"सर, एक मिनिट. इथे तुम्ही नाव घेतलंत, तर तुम्ही वस्तू पाहून जाहीर सांगितल्यासारखं होईल. म्हणजे त्याची नोंदणी झाली. म्हणजे हौद राहिला."

"मग राहू दे."

"आणि केंद्र गेलं. केंद्राच्या कोनशिलेवर तुमचं नाव कोरून झालंय, सर."

साहेबांनी तोंड मिटले. दोन नावांपैकी कोणते महत्त्वाचे, हे ठरवायला त्यांना फार वेळ लागला नाही.

चपला पायातून निघत नव्हत्या. पट्टे कापावेत अशी एक सूचना आली. परंतु जोड शासनजमा भेटवस्तूंच्या नोंदवहीत चढला होता, आणि शासकीय वस्तू कापायची तर प्रांतांची परवानगी लागते, आणि वस्तू प्रांतांच्याच पायात असल्यामुळे हितसंबंधांचा प्रश्न येत होता. साहेबांना खुर्ची दिली.

सोमवारी सकाळी हौद बुजवायला जेसीबी आला. दगडू आणि त्याची बायको अक्काताई हौदाच्या काठावर उभी होती. चालकाने हुकूम वाचून दाखवला. हुकुमात "प्रांत यांच्या समक्ष" असे शब्द होते.

"प्रांत कुठं हायत?" चालकाने विचारले.

"मंचावर," अक्काताई म्हणाली.

"येतील का?"

"चालत आले तर येतील."

चालकाने दुपारपर्यंत वाट पाहिली, भाकरी तिथेच खाल्ली आणि यंत्र परत नेले. संध्याकाळी दगडूने कातडी पुन्हा हौदात टाकली.

त्यानंतर प्रांत कचेरी मंचावरून चालू लागली. वर पत्रा घातला, बाजूने पडदे लावले. दाखले, सुनावण्या, सगळे तिथेच होते आणि लोकांची तक्रार नाही. पूर्वी साहेब जागेवर सापडत नसत. हौद बुजवण्याचा हुकूम दर सोमवारी ताजा होतो आणि दर सोमवारी अमलात येत नाही.

सहाव्या महिन्यात दगडू पाचवा अर्ज घेऊन स्वतः आला. आपल्या जोडाने धरून ठेवलेला माणूस त्याने तेव्हा प्रथमच पाहिला. अर्ज टेबलावर ठेवायच्या आधी तो वाकला आणि साहेबांच्या पायांकडे बघत राहिला.

"टाच घासती का, साहेब?"

"नाही," साहेब म्हणाले. मग त्यांनीही खाली पाहिले. बऱ्याच दिवसांत त्यांनी तिकडे पाहिले नव्हते. "खरं सांगायचं तर... मऊ आहेत. अंगठ्याच्या पट्ट्याची वीण फार बारीक आहे. एवढी बारीक कशी काय जमते?"

डावा पाय एक बोटभर उचलला गेला. आता फक्त नाव राहिले होते. ते समोरच्या कागदावर होते, आणि कागदाचा मालक त्याच्यामागे उभा होता. साहेबांचे ओठ हलले. पोतनीसबाई खोकल्या.

"अर्ज ठेवून जा," साहेब म्हणाले. पाय खाली टेकला.

"चारदा ठिवलाय. ह्यो पाचवा." दगडूने कागद पेपरवेटखाली सरकवला. "तुमी हितनं जात न्हाई, मी बी तितनं जात न्हाई. घाई कुनाला हाय?"

अर्ज पुढच्या आठवड्यात परत गेला. शेरा असा : अर्जदाराने नमुन्याची वस्तू सादर केलेली नाही.

आता गेल्या महिन्यात दिवेकरसाहेबांची बदली झाली. ते नव्या जागी रुजू होऊ शकत नाहीत, तो त्या जिल्ह्याचा प्रश्न आहे. पण त्यांच्या जागी नवे प्रांत गुरुवारी येत आहेत. त्यांचे पाय मोकळे आहेत. आल्या दिवशी ते ओढ्यावर जाऊन आपल्या समक्ष हौद बुजवून घेतील, हे दगडूला कोणी सांगायची गरज नव्हती.

स्वागताचा कार्यक्रम मागच्यासारखाच ठरला आहे. शाल, हार आणि जोड. पद्धत बदलायची तर वरून मंजुरी आणावी लागते आणि तेवढा वेळ नाही. त्यामुळे पोतनीसबाई स्वतः, नाकाला रुमाल लावून, ओढ्यावर गेल्या.

"आठ नंबर," त्या म्हणाल्या. "गुरुवारपर्यंत होईल का?"

"बुधवारी न्या," दगडू म्हणाला. "कातडं तयार हाय. चा बी चार डबं शिल्लक हाय."

बाईंनी मान हलवली आणि परत येऊन सुताराला बोलावणे पाठवले. मंच चार फुटांनी वाढवण्याचे काम कालपासून सुरू आहे.