नवरा हे पात्र अनावश्यक

हेडक्लार्कांनी बायकोच्या कथेवर खोटे अभिप्राय लिहायचं ठरवलं ते निव्वळ प्रेमापोटी. (कथा वाचावी लागू नये, हे दुसरं कारण. पण ते नंतर.)

बायको घरी बसून कपडे दुरुस्त करून द्यायची. लोकांच्या पँटी आखूड करता करता तिनं एक कथा लिहिली. चौथ्या मजल्यावर राहणारी एक शिवणवाली, तिनं शिवलेल्या खिशात हात घातला की ज्याचं जे हरवलंय ते त्याला सापडतं, अशी जादूची. लेकीनं ती एका वाचकांच्या वेबसाइटवर टाकली. खाली अभिप्रायांसाठी जागा होती. आठ दिवस ती कोरीच राहिली. बायको दर दोन पँटींनंतर मोबाइल उघडायची, "नेट स्लो आहे वाटतं," म्हणायची आणि पुन्हा मशीनवर बसायची.

नवव्या दिवशी तिनं विचारलं, "तुम्ही वाचलीत का हो?"

"म्हणजे काय! छानच आहे."

"काय आवडलं?"

"एकूणच," हेडक्लार्क म्हणाले.

वाचली नव्हतीच. केवढीही जाडजूड फाइल असो, पहिलं पान आणि शेवटचं पान बघून शेरा मारायचा, ही त्यांची पद्धत. तीस वर्षांत एकही शेरा अंगाशी आला नव्हता. कथेलाही त्यांनी तोच न्याय लावला. पहिल्या परिच्छेदात बाई मशीनवर बसलेली आणि नवरा पेपर वाचतोय. शेवटच्या परिच्छेदात बाई खिडकीत उभी, खाली रस्त्यावर माणसं खिशात हात घालून हसतायत. एवढ्या भांडवलावर जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तीन खाती उघडली.

'एक गृहिणी' यांनी लिहिलं, "सदर कथेतील जादू समाधानकारक आहे." 'रसिक वाचक' यांनी लिहिलं, "लेखिकेस पुढील लेखनासाठी शिफारस करण्यात येते." तिसरे होते 'निवृत्त मुख्याध्यापक'. सगळेच गोड बोलले तर संशय येणार. एकही हरकत नसलेला तपासणी अहवाल साहेबांनाही खरा वाटत नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी हरकत घेतली: "नवरा हे पात्र अनावश्यक. सुरुवातीस पेपर वाचतो, शेवटी दिसतही नाही. काढून टाकल्यास कथेस बाधा येणार नाही."

संध्याकाळी घरात दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत आनंद.

"हे मुख्याध्यापक बघा," बायको म्हणाली. "पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलंय त्यांनी. कळतं लगेच."

"असतात एकेक चोखंदळ."

"नवरा काढा म्हणतायत."

"म्हणेनात का! तू लक्ष नको देऊ."

"कसं नको देऊ? इतक्या दिवसांनी कुणीतरी मन लावून वाचलं."

तोंड उघडायची वेळ हीच होती. हेडक्लार्कांनी ते उघडलं आणि त्यात घास घातला.

तीन दिवसांत नवरा गेला. बायकोनं नवी प्रत चढवली आणि काय झालं कोण जाणे, खरे वाचक येऊ लागले. पन्नासेक अभिप्राय जमले. बायको मशीनवर गुणगुणायला लागली. हेडक्लार्क ऑफिसात छाती काढून चालायला लागले. (हे काम आपलंच, असा त्यांचा समज.)

मग एका रविवारी लेक आली. आई बाजारात गेल्याचं बघून म्हणाली, "बाबा, आईनं ते सुईचं काढून टाकलं. तुम्हाला काहीच नाही वाटलं?"

"कुठलं सुईचं?"

लेकीच्या लगेच लक्षात आलं. "तुम्ही वाचलीच नव्हती."

मग तिनंच सांगितलं. मध्ये चार पानं होती. शिवणवालीची नजर अधू झालेली, तिला सुईत दोरा ओवता येईना. दर वेळी नवरा हातातला पेपर ठेवून उठायचा, दोऱ्याचं टोक ओलं करायचा, सुई उजेडाकडे धरून ओवून द्यायचा आणि पुन्हा पेपर उचलायचा. तो दोन दिवस परगावी गेला, तेव्हा शिवलेले सगळे खिसे रिकामे निघाले. जादू त्याच्या ओवण्यात होती. हे तिला कळलं, त्याला कधीच नाही.

"आणि शेवटी तो का नाही दिसत?"

"आत पेपर वाचत बसलेला असतो, बाबा."

हेडक्लार्कांनी मोबाइलवर कथा उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा मधली पानं वाचली. चार पानांच्या जागी आता एक ओळ होती: 'तिनं सुई ओवायची पत्र्याची चकती विकत आणली.'

बायको पिशव्या ठेवते न ठेवते तोच त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती खुर्चीवर बसली.

"मुख्याध्यापक तुम्ही?"

"हो."

"मी त्यांना आभाराचं पत्र लिहिलं होतं वेबसाइटवरून. चांगलं पानभर. उत्तर आलं नाही, म्हटलं वयस्कर आहेत."

"मी उघडलंच नाही ते." मग ते म्हणाले, "जुनी प्रत असेल ना?"

"पुसली. बाधा येणार नाही म्हणाले होते."

"पुन्हा लिहिशील?"

"उसवलेलं पुन्हा शिवता येतं हो. पण भोकं दिसतात." ती भाजी निवडायला लागली. निवडता निवडता म्हणाली, "तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही वाचून काहीतरी बोलाल. दुसऱ्या कुणाचा अभिप्राय नको होता खरं तर."



चार दिवस त्यांनी तिच्यामागे लकडा लावला. अखेर कंटाळून तिनं वेबसाइटवर सरळ प्रश्न टाकला: 'या कथेत आधी एक नवरा होता. तो सुई ओवून द्यायचा. परत घेऊ का?' हेडक्लार्कांनी स्वतःच्या नावानं, पदासकट, पहिलं उत्तर लिहिलं: "घ्यावा, ही नम्र विनंती." मग दिवसभर ऑफिसात एकाही फाइलला हात न लावता ते वाट बघत बसले.

दुसरं उत्तर कुणा अनोळखी बाईंचं आलं. "मुळीच नको. चकती आपलं काम मुकाट्यानं करते आणि दर ओवणीमागे चहा मागत नाही."

खाली बेचाळीस जणांनी 'सहमत' केलं होतं. हेडक्लार्कांनी सगळी नावं वाचली. या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत.

एकविसावं नाव बायकोचं होतं.