कोचचा घसा बसला तेव्हा

आमच्या ग्रीनली कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाची लाइन ऐन मोसमात सुधारली आणि गावाला काळजी लागली.

लाइन म्हणजे पाच धिप्पाड पोरं. बॉल फेकणाऱ्या कोडीला कोणी आडवं पाडू नये म्हणून त्याच्यापुढे भिंत करायची, एवढंच त्यांचं काम. सप्टेंबरभर कोडी उभा कमी, आडवाच जास्त दिसला. त्याची आई मॅचला बर्फाची पिशवी घेऊनच यायची. क्रीडा संचालक प्रुइटसाहेबांनी लाइनच्या कोचला, वेंडेल क्रॅट्झला, सांगून ठेवलं होतं, "माजी विद्यार्थ्यांच्या मॅचला लाइन टिकली नाही, तर तूही टिकणार नाहीस."

वेंडेल घाबरला आणि आणखी ओरडायला लागला. ओरडून ओरडून त्याचा घसाच बसला. डॉक्टरांनी बोलणं बंद करून गळ्याला मफलर गुंडाळायला लावला. त्याच शनिवारी लाइन भिंतीसारखी उभी राहिली. कोडीच्या कपड्यांना मातीसुद्धा लागली नाही.

"सुधारली म्हणजे?" हार्डवेअरच्या दुकानातला लाइल म्हणाला. "कोणाला विचारून?"

पुढच्या मॅचलाही तेच. मग प्रुइटसाहेबांनी लाइन-सुधार कारण-शोध समिती नेमली आणि वेंडेलला बोलावलं.

"गुपित काय रे?"

वेंडेलने गळ्याकडे बोट दाखवलं.

"मफलर," साहेब म्हणाले. समितीने माना डोलावल्या.

लाइनच्या मधोमध खेळणारा ओटिस ब्योर्कलुंड बाहेर उभा होता. तो आत डोकावून म्हणाला, "सर, मफलरचं काही नाही. कोण कोणाला अडवणार ते मी ऐन वेळी ओरडून सांगतो. क्रॅट्झसर गप्प झाल्यापासून ते पोरांना ऐकू येतं."

"ते असेल, बाळा," साहेब म्हणाले. "पण ऐकू येणं दुकानात विकता येत नाही."

माजी विद्यार्थ्यांच्या मॅचला सगळं स्टेडियम जांभळे मफलर गुंडाळून बसलं. ऊन रणरणत होतं, पण निष्ठेचा प्रश्न होता. आता आपल्या संघाकडे बॉल असताना प्रेक्षकांनी चिडीचूप बसायचं, ही इथली जुनी रीत. पण लाइनचा एवढा गौरव करायचा आणि तोही मुक्याने? समितीने लाइनच्या मागे बँड बसवला. दर चालीआधी पाचही पोरांची नावं भोंग्यावर पुकारली. आम्ही प्रत्येक नावाला उठून गर्जना केली. माझी तर ओटिसच्या नावाला खास होती.

ओटिस घसा फाडून सांगत होता. ते त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं. एक पोरगा आधीच हलला, दंड म्हणून संघ मागे गेला. दुसऱ्या वेळी दोघं एकमेकांवरच आदळले. तिसऱ्या वेळी कोडी बँडमध्ये सापडला, ढोलाखाली.

नेमका त्याच वेळी वेंडेलचा घसा मोकळा झाला. "अरे, जरा गप्प बसा," तो म्हणाला. शेजारच्याने त्याला ट्रम्पेट वाजवून दाद दिली.

सोमवारी वेंडेलला काढलं. "सुधारणा टिकवता आली नाही," साहेब म्हणाले. त्याने मफलर काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो काचेच्या कपाटात लावला.

पुढच्या शनिवारी आम्ही सगळे रुसलो होतो. स्टेडियममध्ये आलो, पण तोंडातून अवाक्षर काढायचं नाही असं ठरवून. बँडला आता कोणी बोलावलं नव्हतं, आणि भोंगेवाल्यालाही लाज वाटत होती. ओटिसचा आवाज वरच्या रांगेपर्यंत स्पष्ट येत होता. लाइन अशी खेळली, अशी खेळली, की कोडी बॉल हातात धरून चक्क विचार करत उभा राहिलेला दिसला.

"नव्या कोचची कमाल," प्रुइटसाहेब माझ्या कानात कुजबुजले. नवा कोच अजून सामानाच्या ट्रकसकट वाटेत होता.

आता तुम्हीच सांगा, पोरं इतकी सुंदर खेळत असताना तुम्ही तरी गप्प बसला असता? आम्ही सगळे एकदम उठलो आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो.

कोडीची आई तेवढी बसून राहिली. ती बर्फाच्या पिशवीची गाठ सोडत होती.