साक्षगंधाला निघालेली लाल गाडी

जया हिरवी काठापदराची साडी नेसून, केसांत मोगऱ्याचा गजरा माळून अंगणात आली, तेव्हा तिचा नवरा मोटरसायकलीपुढे मान खाली घालून उभा होता. वीस वर्षांच्या संसारात ती ही मान ओळखायला शिकली होती.

"काय झालं जी?"

"कुठी काय."

"मंग काढा गाडी. अकराचं साक्षगंध हाये. इथूनच आठ वाजले."

"काढतो ना. फक्त हिची रेसची केबल हिच्यात नाई."

"मंग कोनात हाये?"

सुरेंद्रने गोठ्याकडे पाहिलं. पूर्वी तिथे दोन म्हशी बांधलेल्या असत. आता तिथे एक लाल, बुटकी, टप नसलेली गाडी उभी होती आणि तिच्या डाव्या शिटेवर कोंबडी अंड्यांवर बसली होती.

ही गाडी म्हणजे सूरजागडच्या खाणीवरच्या एका हौशी साहेबाचं खेळणं. साहेबाची परदेशी बदली झाली, तेव्हा पोंभुर्ण्यात ट्रॅक्टर आणि पंप दुरुस्त करणारा सुरेंद्र ती दोरी बांधून ओढत घरी घेऊन आला. दोन शिटा आणि कापडी टप. जमिनीपासून उंची एवढीच की खालून मांजर गेलं तरी पाठ घासावी. वजनाने इतकी हलकी की चौघांनी मनावर घेतलं तर उचलून बाजूला ठेवावी. सुरेंद्र तिच्यावर जीव टाकायचा. दात घासायच्या ब्रशने तिचं कार्बोरेटर घासायचा, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी रात्रीचं जेवण सोडून जोडायचा. जया मात्र दीड वर्षात तिच्यात एकदाही बसली नव्हती.

"एक पोतं धान मावत नाई हिच्यात," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "हे कायची गाडी!"

पण आज इलाज नव्हता. माहेरची सगळी मंडळी परस्पर मोहर्लीला पोचणार होती आणि पोंभुर्ण्याची बस निघून गेली होती. जयाने कोंबडीला अंड्यांसकट टोपल्यात हलवलं, शीट झटकली आणि बसली. बसली म्हणजे, खाली खाली जातच राहिली.

"माय वो! हे तं जमिनीवर बसल्यासारखं वाटते."

"रेसिंगच्या गाड्या अशाच असतात."

"आणि टप?"

"रंजीताकडे शिवाले टाकला. परवा देतो म्हनली."

जयाने पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली, मांडीवर पेढ्यांचा डबा घट्ट धरला आणि गाडी निघाली.

चंद्रपूरपर्यंत फार काही बिघडलं नाही. प्रत्येक गतिरोधकाला जयाला उतरावं लागलं, कारण दोघं बसले की गाडीचं पोट टेकायचं. ती साडी सावरत पायी गतिरोधक ओलांडायची, पलीकडे पुन्हा गाडीत शिरायची. एका गावात तर पानठेल्यावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "भांडन झालं का बाई?"

वाटेत सुरेंद्र गाडीचे गुण सांगत होता, जया मात्र मनातल्या मनात बोलायची तालीम करत होती. आज तिच्यावर एक अवघड काम सोपवलेलं होतं. साखरपुडा होता तिच्या धाकट्या भावाचा; हा अजय इरई धरणात मासेमारी करायचा. त्याने पसंत केलेली मुलगी, दिव्यानी, मोहर्लीला ताडोबाच्या गेटवर गाइड होती. रोज सकाळ-संध्याकाळ उघड्या जिप्सीत उभी राहून पर्यटकांना जंगल दाखवायची, आणि येत्या पावसाळ्यात जिप्सी चालवायलाही शिकणार होती. तिची एकच अट होती. लग्नानंतर काम सोडणार नाही. वडील गेल्यापासून घरात शब्द चालायचा तो उमाजीकाकांचा, आणि काकांनी फोनवर जयाला बजावलं होतं, "पोरगी चांगली हाये. पन आपल्या घरच्या सुना रस्त्यानं गाड्या पळवत नाईत. तू मोठी बहीन. पाहुने बसाच्या आधी तिले बाजूले घे अन् समजाव."

जयाला ते फारसं पटलं नव्हतं. ती स्वतः चिखलणीला ट्रॅक्टर चालवायची. पण काकांचं उत्तर तयार होतं. "वावरातली गोष्ट वेगळी, रस्त्यावरची वेगळी." काकांशी वाद घालायची सवय घरात कोणालाच नव्हती.

आगरझरी मागे पडली, दोन्ही बाजूंनी जंगल आलं, मोहफुलांचा गोड आंबूस वास गाडीत भरला, आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. सुरेंद्रने चावी फिरवली. टिक्. पुन्हा फिरवली. टिक् सुद्धा नाही.

"सेल्फ गेला," तो म्हणाला. "धक्का माराव लागते."

"मी मारू? या साडीवर?"

"तू नाई व. तू स्टेरिंगवर बस. दुसऱ्या गेरमध्ये क्लच दाबून ठेव. मी ओरडलो का सोड. ट्रॅक्टरसारखंच हाये."

जयाने पेढ्यांचा डबा शेजारच्या शिटेवर ठेवला आणि स्टेअरिंग धरलं. सुरेंद्रने मागून जोर लावला. पुढे थोडा उतार होता. गाडी हलकी असल्याने सुरसुरत निघाली.

"सोड!"

जयाने क्लच सोडला. गाडीने उडी मारली, खोकली आणि गरजली.

"थांबू नको!" मागून सुरेंद्र ओरडला. त्याला म्हणायचं होतं, की गाडी बंद पडू देऊ नको, क्लच दाबून ठेव, मी येतो. पण एवढं सगळं बोलायला धावणाऱ्या माणसाकडे श्वास नव्हता. जयाने ऐकलं ते दोनच शब्द. ती थांबली नाही.

खरं सांगायचं तर थोड्या वेळाने तिने थांबायचा विचार केला होता. रेसवरचा पाय काढला. गाडीचा वेग कमी झाला नाही. मोटरसायकलची केबल गाडीच्या पोटात कुठेतरी अडकून बसली होती. क्लच दाबला तर इंजिन असं किंचाळलं की जयाने घाबरून पाय उचलला. ब्रेक मारावा, तर गाडी बंद पडणार. बंद पडली तर धक्का मारणारा नवरा दीड किलोमीटर मागे, आणि आजूबाजूला ताडोबाचं जंगल. जयाने सगळा हिशेब केला, तिसरा गियर टाकला आणि सरळ मोहर्लीची वाट धरली.

पहिल्या वळणाला ती "देवा रे" म्हणाली. दुसऱ्याला काहीच म्हणाली नाही. तिसऱ्या वळणावर डोक्यावरचा पदर सुटला, गजरा सुटला, मोगऱ्याची फुलं एकेक करून मागे उडाली, आणि जयाच्या लक्षात आलं की आपण हसतोय. ट्रॅक्टरवर बसलं की गाडी आपल्याला ओढत नेते असं वाटायचं. ही गाडी मात्र जया जिकडे पाहील तिकडे वळत होती. मनात आलं की वळायची.

रस्त्याच्या कडेला तीन जिप्स्या उभ्या होत्या. झुडपात काहीतरी होतं, कारण सगळे पर्यटक श्वास रोखून कॅमेरे लावून बसले होते. जयाने सुरेंद्रने बसवलेला ट्रकचा हॉर्न दाबला. झुडपातलं जे काही होतं ते पळालं. सगळे कॅमेरे जयाकडे वळले. आता वळलेच आहेत म्हटल्यावर ती छान हसली.

तिकडे मोहर्लीत दिव्यानीच्या अंगणात मांडव भरला होता. जया वेळेवर आली नाही म्हणून उमाजीकाकांनी समजावण्याचं काम स्वतःकडे घेतलं होतं. खुर्चीत ताठ बसून ते दिव्यानीच्या आईला, भागीरथाबाईंना, सांगत होते, "आमचं म्हननं येवढंच हाये बाई, का आमच्या घरी बायाईनं रस्त्यावर गाड्या चालवाची पद्धत नाई. आता आमची जयाच पाहा ना..."

नेमकी जयाच तेव्हा दिसली. ट्रकचा हॉर्न वाजला, कोंबड्या उधळल्या, आणि लाल गाडी कुंपणाच्या फाटकातून थेट अंगणात शिरली. ट्रॅक्टरच्या ब्रेकवर द्यायची सवय होती तसा जयाने सगळं वजन टाकून पाय दिला. गाडी जागच्या जागी थांबली, बंद पडली. शिटेवरचा डबा उडाला, झाकण उघडलं आणि बरोबर एक पेढा काकांच्या मांडीवर येऊन पडला.

जया गाडीतच बसून होती. केस मोकळे, तोंडावर लाल धूळ, डोळे मोठे.

"जया?" काकांच्या तोंडून निघालं. "जवाई कुठी?"

"मागं राह्यले."

"मागं म्हनजे?"

"जंगलात."

दारातून नटलेली दिव्यानी पुढे आली. तिने गाडीला एक फेरी मारली, मग जयाकडे पाहिलं. "ताई, तुमी एकट्या आल्या आगरझरीच्या वळनांतून? आमचे जिप्सीवाले पन तिथी दबकतात. कवापासून चालवता?"

सगळा मांडव उत्तराची वाट पाहू लागला. अजयचे हात घाबरून जोडले गेले होते. जयाने काकांकडे पाहिलं. आठवडाभर पाठ केलेली सगळी वाक्यं आगरझरीच्या वळणांवर गजऱ्याबरोबर उडून गेली होती.

"आजपासून," ती म्हणाली. "आता चालवतच राहीन म्हनतो, काकाजी."

भागीरथाबाईंनी काकांकडे वळून विचारलं, "तुमी पद्धतीचं काहीतरी सांगून राह्यले होते जी?"

उमाजीकाकांनी मांडीवरचा पेढा उचलला. सावकाश तोंडात टाकला, सावकाश चावला. माणसाला विचार करायला एक पेढा पुरतो.

"तेच तं सांगून राह्यलो होतो," ते घसा खाकरून म्हणाले. "आमच्या घरच्या बाया अशा हायेत. पोरीले काम सोडाची काही गरज नाई."

मांडवात हशा पिकला. दिव्यानी लाजायच्या ऐवजी शिट्टी वाजवायला निघाली होती, आईने हात धरला म्हणून राहिली.

टिळा लागत होता तेवढ्यात पाणवठ्यांना पाणी नेणारा टँकर फाटकाशी थांबला आणि त्यातून सुरेंद्र उतरला. पायातली एक चप्पल गायब, सदरा ओला. सगळ्यांना वाटलं, हा आता गाडी तपासणार. तो गाडीशेजारून गेला, तिच्याकडे न बघता, आणि जयासमोर येऊन उभा राहिला.

"लागलं काय कुठी?"

"नाई जी."

"भेव वाटला?"

"पयल्या दोन वळनावर," जया म्हणाली. "मंग नाई."

सुरेंद्रने हुश्श केलं आणि मगच खाली बसून गाडीच्या पोटात हात घातला.

पंगती उठल्या. दुपार कलली. केबल मोकळी झाली होती, आणि जयाला आज माहेरीच मुक्काम करायचा होता. जया स्टेअरिंगवर बसली, सगळ्या वऱ्हाडाने मिळून गाडीला धक्का मारला, ती पहिल्याच झटक्यात चालू झाली. सुरेंद्र डाव्या बाजूने बसायला गेला, तर शीट भरलेली होती. उमाजीकाका उपरण्याने टोपी हनुवटीखाली बांधून आत बसले होते.

"जवाईबापू, तुमी टेम्पोत या," ते म्हणाले. "मले कंबरेचा त्रास हाये. टेम्पोत हादरे बसतात."

सुरेंद्र टेम्पोत बायकांच्या मध्ये, मांडीवर फळांचं ताट घेऊन बसला. लाल गाडी धरणाच्या कडेने पुढे निघून गेली. काकांनी पाच किलोमीटर शिटेची कड घट्ट धरून ठेवली. माहेरचं गाव दिसू लागलं, तसे ते शिटेत थोडे वर सरकले, छाती पुढे काढली. जया वावरांमधून जाणाऱ्या नेहमीच्या पांदण रस्त्याकडे वळू लागली, तोच त्यांनी तिच्या हातावर थापटलं.

"तिकून नको व," काका म्हणाले. "चौकातून घे. अन् हॉर्न वाजव."